अर्की, उका, हाय

४ नोव्हेंबर, सोमवार

आणि परत तेच. नवव्यांदा तेच! कोडचा चौदा ओळींचा तुकडा, ॲपमध्ये चाऱ्याची किंमत काढायचा. एकदा लिहायचा आणि लागेल तिथून बोलवायचा, एवढं साधं काम. तर या माणसाने तो नऊ ठिकाणी चिकटवलाय. बरं, जसाच्या तसा तरी? दोन ठिकाणी टेंपोचं भाडं धरलंय, एका ठिकाणी विसरलाय. उद्या भाव बदलला की नऊ दारं ठोठावत फिरा. एक दार राहिलं की गिऱ्हाईक शिव्या देणार. मला. त्याला कशाला देईल, तो केव्हाच गेला.

कोण होता तेही कळत नाही. कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद कोडच्या इतिहासात राहते, पण जुन्या सगळ्यावर एकच नाव — ‘ॲडमिन’. साहेब म्हणतात पुण्याच्या शिकलेल्या पोरांनी बनवलं. एक फाईल चार हजार एकशे ओळींची. नावं तर काय! एका जागी ‘अर्की’. एका जागी ‘उका’. आठवडा झाला, अर्की म्हणजे काय ते शोधतोय. मी आश्रमशाळेत नववीपर्यंत गेलेला, मलाही कळतं असं लिहीत नाहीत.

सेल्वी मॅडम शेजारून म्हणाल्या, “नवशा, पाय हलवू नको. टेबल हलतंय.”

५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी आत बोलावलं. ॲप विकायचं चाललंय. घेणारी कंपनी मोठी आहे, त्यांची माणसं आधी कोड उघडून बघणार. “वरून चालतंय, पण आत उकिरडा आहे. ३० तारखेपर्यंत साफ कर. केलंस तर पक्का करतो. कागद तयार ठेवतो.”

दोन वर्षं झाली इथे कोइंबतूरला येऊन. आलो तेव्हा काम एकच — फोन हातात घ्यायचा, ॲपमधली बटणं दाबायची, कुठे अडतं ते सांगायचं. कोड सेल्वी मॅडमनी शिकवला, हिंदीतून, तोही त्यांच्या डब्याच्या वेळेत. अजून मी कच्चाच. वाघ्या फोनवर म्हणतो, “काय रं बटनवाल्या!”

वाघ्या म्हणजे माझा चुलतभाऊ. नेरळच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथून खाली साहेबांचं फार्महाऊस. वाघ्या तिथे राखणीला होता. आता शिळफाट्याला वखारीत गवताच्या गाठी उचलतो. आणि मला नावं ठेवतो.

पक्का झालो की मग बघू कोण बटणवाला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊपैकी चार एकत्र केले. उरलेले पाच एकमेकांत असे अडकलेत की एक ओढला की दुसरं फाटतं. खुर्चीत बसवत नाही. तीनदा जिना उतरून चढलो.

११ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं! वर्षभर कोणाला न सापडलेलं मला सापडलं.

तक्रार जुनी आहे. आमच्या ॲपवरून गोठेवाले चारा मागवतात. वखारवाला आपल्याकडे काय काय आहे त्यावर खूण करतो, टेंपो घरपोच नेतो. तर वाळलं गवत संपलेलं असलं तरी ॲपमध्ये ते ‘आहे’ असंच दिसतं. लोक मागवतात, टेंपो रिकामा. प्रत्येक वेळी कोणीतरी एक ठिगळ लावलं. ठिगळावर ठिगळ.

आज त्या ठिगळांच्या खाली एक नाव दिसलं. एच, ए, वाय. दोनशे बारा ठिकाणी. मी मोठ्याने वाचलं — हाय. आणि हसायलाच आलं. अरे, ‘हाय’! माल हाय का नाय, त्यातलं हाय! शेजारच्या ओळीत ‘नाय’ पण आहे, एन, ए, वाय. इथल्या तमिळ माणसांना कसं कळणार?

म्हणजे हा माणूस पुण्याचा नाही. हा आमच्याकडचा. कर्जत-खालापूरचा, नाहीतर नेरळच्या आसपासचा. ॲप पहिल्यांदा तिकडेच सुरू झालं होतं ना.

आमच्यातला असून असा उकिरडा केला याचा जास्तच राग आला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोनशे बारा ‘हाय’ एका झटक्यात बदलले. आता नाव असं की कोणीही वाचावं — ‘माल शिल्लक आहे’, चांगल्या इंग्रजीत, मॅडमना स्पेलिंग विचारून. मॅडम दुपारनंतर रजेवर, म्हणून तपासायला थांबलो नाही. लोकांच्या फोनवर सोडून दिलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

वाळलं गवत ॲपमधून गायब. यादीतच नाही. एकसष्ट गोठ्यांना आज गवत गेलं नाही.

सरोजाम्मा नावाच्या बाईचा फोन आला, नऊ गाई आहेत तिच्या. मॅडमनी स्पीकरवर टाकला. मागे गाई हंबरत होत्या. ती तमिळमध्ये बोलत राहिली, मॅडम मान हलवत राहिल्या. मी विचारलं, काय म्हणते?

“विचारते, गाईंना फोन खायला घालू का.”

साहेब काचेमागून बघत होते. ते बरं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमनी वहीवर लिहून दाखवलं. एच, ए, वाय. “वाच.”

“हाय.”

“हे. इंग्रजीत याला ‘हे’ म्हणतात. वाळलेलं गवत.”

मला माहीत नव्हतं. कोण सांगणार? गवताला आम्ही गवत म्हणतो.

मग सगळं उलगडलं. पहिल्या माणसाने लिहिलं ‘हाय’, म्हणजे माल आहे. नंतर मॅडम आल्या, त्यांनी वाचलं ‘हे’. त्यांना वाटलं वाळल्या गवताचा खण इथे आहे, आणि त्यांनी गवत त्याच नावाला बांधलं. तेव्हापासून कुठलाही माल असला की गवत ‘आहे’ दिसतं. आणि मी आलो, मला दोनशे बाराही ठिकाणी ‘हाय’च दिसलं.

मी म्हटलं, “म्हणजे चूक तुमची पण.”

“माझी पण, तुझी पण. आणि त्या ॲडमिनची. तिघांनी मिळून गाई उपाशी ठेवल्या.” मग म्हणाल्या, “तूच निवड आता. दोन्ही वाचता येणारा इथे तू एकटाच आहेस.”

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी, तरी ऑफिसात. तांदूळ निवडावेत तसं चाललंय. हा हाय, हा हे. हा हाय, हा हे. एकशे चाळीस झाले.

आईचा फोन आला. “जेवलास का रं? पक्का कदी व्हनार?” म्हटलं, होईन. वाघ्या काय करतो विचारलं. “त्यो काय, पाठ धरलीय त्याची. गाठी उचलून.”

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दोनशे बारा पुरे. हाय एकशे सत्तर, हे बेचाळीस. दोन नावं, दोन खण. मॅडमनी ओळ न् ओळ तपासली आणि मगच सोडलं. सरोजाम्माच्या भागातल्या वखारीत गवत संपलं तेव्हा ॲपनेच सांगितलं — नाही. वर्षात पहिल्यांदा खरं बोललं.

किमतीचे नऊ तुकडे पण एक झाले. आता फक्त नावं उरलीत. अर्की. उका.

२० नोव्हेंबर, बुधवार

मॅडम चहा पिता पिता स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, “गंमत बघ. इंग्रजी शब्द सगळे बाहेरून उचलून चिकटवलेले. या माणसाने स्वतःच्या हाताने टाईप केलेली नावं बघ — एकातही एस नाही. याचं एसशी भांडण होतं का?”

मीही हसलो.

मग अर्कीच्या आधी एस लावून बघितला. सरकी. उकाच्या आधी लावला. सुका. सुका चारा.

पाय हलायचे थांबले. मॅडम म्हणाल्या, काय झालं? म्हटलं, काही नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण कुठेतरी लिहायला पाहिजे.

फार्महाऊसवर साहेबांचा जुना लॅपटॉप असायचा. वाघ्या त्यावर तासन् तास. मला वाटायचं गेम खेळतो, व्हिडिओ बघतो. मला हात लावू द्यायचा नाही. एक दिवस तो ओढ्यावर गेला आणि मी उघडला. बटणाच्या खाली काय असतं ते बघायचं होतं, बस. पेनाच्या टोकाने एक उचकटलं. खाली छोटा पांढरा रबर. परत बसवायला गेलो तर बसेना, आणि रबर कुठे उडाला ते सापडलाच नाही. बटण खिशात घातलं, वाडीत येताना झुडपात टाकलं.

एसचं होतं.

वाघ्याने विचारलं, “नवशा, यस कोनी काडला?” मी म्हटलं, मला काय म्हाईत.

सहा महिन्यांनी साहेब आले. लॅपटॉप बघितला, वाघ्याला म्हणाले, सांभाळायला दिलेली वस्तू नीट ठेवता येत नाही? लॅपटॉप घेतला, वाघ्याला काढलं. इथे ऑफिसला पोरगा हवाच होता, तर मला घेतलं. एकाच दिवशी. निघताना वाघ्या घराबाहेर आला नाही, आणि त्याचा मीच राग धरला होता, दोन वर्षं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

फोन केला. आधी इकडचं तिकडचं. मग विचारलं, “चाऱ्याचं ॲप तू लिवलंस?”

“आता कळलं व्हय तुला? हितं वखारीत मुकादमाच्या फोनवर तेच हाय. उघडला का ‘उका’ दिसतो. लोकं म्हनतात स्पेलिंग चुकलंय.” हसत होता.

“येकच तुकडा नऊ जागी का चिकटवलास?”

“यस नव्हता ना रं. यस लागला का दुसरीकडून उचलून आनायचा. येक येक यस किती उचलू? आख्खा तुकडाच उचलायचो.”

मग म्हटलं, “यस कोनी काडला, म्हाईत हाय तुला?”

“हाय की. तुझ्या पेनाची निळी शाई लागली व्हती त्या जागी.”

“मग बोल्ला का नाय?”

“तुला न्यायचं ठरलं व्हतं. बोल्लो असतो तर तूबी हितंच. आनि तुला धड इळा पन धरता येत नाय, हितं काय केलं असतंस?” मग म्हणाला, “ठेवतो. टेंपो आलाय.”

२५ नोव्हेंबर, सोमवार

अर्कीची सरकी केली. उकाचं सुका केलं. दोन शब्द, दोन एस. दिवसभर तेवढंच.

२७ नोव्हेंबर, बुधवार

कोड साफ ठेवायची मॅडमची एक रीत आहे — पुढच्याला कळावं म्हणून फाईलच्या डोक्यावर लिहायचं, हे काय करतं आणि कोणी लिहिलं. काय करतं ते सगळीकडे लिहिलं होतं. कोणी लिहिलं ते रिकामं सोडलेलं. आज भरलं. वाघ्याचं पूर्ण नाव, वाडी, तालुका कर्जत. मॅडमनी वाचलं.

“हा कोण?”

“ज्याच्या लॅपटॉपला एस नव्हता तो.”

सगळं सांगितलं. पेनाचं पण. त्यांनी बटण दाबून ते मुख्य कोडात घेतलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

घेणाऱ्या कंपनीकडे कोडची प्रत गेली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. टेबलावर पक्क्याचा कागद होता, माझं नाव छापलेलं.

“हे नाव कोणी टाकलं?”

“मी. त्यानेच लिवलंय ॲप.”

“माझ्या लॅपटॉपवर लिहिलंय. पोरगा टाईमपास करत होता. आता ते विचारतायत हा कोण, याची सही कुठे. सही मागितली की हा पैसे मागेल.”

“मागू दे की.”

ते आवाज खाली आणून म्हणाले, “नवशा, तू पोरासारखा आहेस. दोन ओळी लिहून दे — नाव चुकून पडलं, कोड कोणी लिहिला मला माहीत नाही. उद्या दुपारपर्यंत. मग हा कागद तुझा.”

कोणी लिहिला मला माहीत नाही. एस कोणी काढला मला काय म्हाईत.

जेवलो नाही. बाजारापर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो.

३० नोव्हेंबर, शनिवार

लिहून दिलं नाही. साहेबांनी कागद खणात ठेवला आणि महिन्याचा पगार हातात दिला. मॅडमनी जिन्यात डबा दिला, गाडीत खायला. तिकीट कल्याणपर्यंतचं मिळालं, उद्याचं.

हातात पैसे दिले तर वाघ्या घेणार नाही, म्हणून पगारातले तिकीट काढून उरलेले सगळे मी पोचायच्या आधीच फोनवरून पाठवले. खाली लिहिलं — लॅपटॉपला. दुकानात यस दाबून बघ.

पंधरा हजार सहाशे.