अष्टमीच्या हिशोबातली चीर

बाबा, आपल्या गावात बापाला कोणी 'तुम्ही' म्हणत नसे, तेव्हा इथेही तू-च लिहितो. मेल्यावर मान वाढवला तर पहिला तूच हसशील. तुला खाडीकाठच्या मसणात नेलं तेव्हा ओहोटी लागलेली होती, हे मी तिथेही पाहून ठेवलं. खांदेकरी कुरकुरत होते, म्हातारा आजारातही झिजला नाही म्हणून. मी रडलो नाही. दहाव्याला पिंड ठेवून मी पुरता मागेही सरलो नव्हतो, तोच कावळा बसला. इतरांच्या दहाव्याला लोक दुपारपर्यंत हात जोडून उभे असतात, पोरीचं लग्न करू, कौलं शाकारू, अशी वचनं देतात. तुझ्यासाठी कोणाला तोंड उघडावं लागलं नाही. भाऊबंद म्हणाले, पुण्यवान होता. मला कळलं, तुझं मागे काही राहिलेलंच नव्हतं. जे करायचं ते मरायच्या दोन दिवस आधी पडवीत करून तू मोकळा झाला होतास.

ते काय होतं ते आज क्रमाने लिहितो. तू सांगायचास तसं नाही. तू एकच गोष्ट सकाळी एक सांगायचास आणि संध्याकाळी दुसरी.

तुझा मिठाचा मचवा भरून धक्क्याला लागलेला असे आणि भरती यायला अवकाश असे, तेव्हा खलाशांची, मिठागरवाल्यांची आणि रिकामटेकड्यांची बैठक जमे. विषय ठरलेला: खाडीच्या तोंडावरचा किल्ला. एवढं सगळ्यांना मान्य होतं की गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री, किल्ल्यातले लोक कृष्णजन्मात गुंतलेले असताना, टोपीकरांचे मचवे खाडीतून आत आले, पाण्याकडच्या दिंडी दरवाजाला लागले, आणि उजाडेपर्यंत किल्ला गेला. पुढचं कोणालाच मान्य नव्हतं. किल्लेदार पिऊन पडला होता, की विकला गेला होता, की आतल्याच कोणी त्याला विष घातलं? कोणी म्हणालं, "किल्लेदार इमानी व्हता," की तू म्हणायचास, "इमानी व्हता तं मेला कसा नाय? इमानी मानूस मरतो. यो पेन्शन खात बसला." दुसऱ्या दिवशी कोणी तुझंच वाक्य तुला ऐकवलं की तुझं उत्तर तयार: "पेन्शन खानारा चोर? मंग तुजा आजा मिठाच्या खात्यातून रिटायर झाला, त्याचा काय करायचा?" लोक हसून लोळत. तुला किल्लेदाराशी काही देणंघेणं नव्हतं. समोरचा पडलेला बघायचा असे.

एका प्रश्नावर मात्र गावाचं उत्तर पक्कं होतं. अंधारात टोपीकरांच्या मचव्यांना चिखलातली वाट दाखवली कोणी? आपल्याच गावच्या एका तांडेलाने, मचवा हाकणाऱ्याने. त्याचे वंशज खालच्या आळीच्या शेवटच्या घरात राहत. धुळवडीच्या सकाळी होळीची राख टोपलीत भरून गाव तिकडे निघे. पुढे तू. त्या घराच्या ओट्यावर राख ओतायची आणि दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या त्या तांडेलाच्या नावाने बोंब मारायची, अशी रीत. बोंबेचा मान आपल्या घराचा, कारण आवाज आपल्या घरात होता. तुझी बोंब पलीकडच्या काठावर ऐकू जाते असं लोक सांगत. मी एकदा पलीकडे उभा राहून खात्री करून घेतली: आवाज येतो, शब्द कळत नाहीत. त्या घरातला म्हातारा दार लावून घेत नसे. दार लावलं तर राख दारावर मारत, आणि फळ्यांच्या खाचांतून ती काढायला जास्त पाणी लागतं.

त्या म्हाताऱ्याची मुलगी मला हवी होती. ती मिठागरावर टोपल्या वाहायची, मी टोपल्या मोजायचो. तुला सांगितलं तेव्हा तू जाळं विणत होतास, मान वर न करता म्हणालास, "किल्ला बुडवनाऱ्याची पोर घरान आनली, तं पुढच्या धुलवडीला राख कुनाच्या दारी टाकू?" मी म्हणालो, ते खोटं आहे. तू मान वर केलीस. "मंग दाखव. पंचांसमोर दाखव. जिकलास तं ती तुजी. हरलास तं तिचं नाव तोंडान घ्यायचं नाय."

माझी शाळा चौथीला सुटली, मचव्यातलं पाणी उपसायला तूच काढून नेलंस. पुढचं सगळं मी माझं शिकलो. पनवेलच्या वाचनालयात बाजारच्या दिवशी बसून वाचायला शिकलो, मोडी एका म्हाताऱ्या तलाठ्याकडून, इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून. पदवी घेतलेले लोक किल्ल्याबद्दल काही छापायचं तर आज आधी मला विचारतात, आणि तरी चूक छापतात. त्या वेळी दोन पावसाळे मी मिळेल तो कागद धुंडाळला. विष, दारू, लाच, कशाचाच निकाल लागत नव्हता. जितके लिहिणारे तितके किल्लेदार. मग एके दिवशी लक्षात आलं की उत्तर कागदात नाहीच. ते तू मला शिकवलेल्या पहिल्या गोष्टीत आहे. तिथीची पाऊणपट कर, भरतीचा तास निघतो. लहानपणी मी पाऊणच्या जागी निम्मे केले, मचवा गाळात बसला, आणि तू सगळ्या खलाशांदेखत माझ्या कानफटात मारलीस. तो कान अजून पावसाळ्यात दुखतो. तो हिशोब मात्र मी पुन्हा कधी चुकलो नाही.

धक्क्यावर पंच बसलेत. तिचा बाप एका बाजूला उभा आहे, त्याला बस असं कोणी म्हणत नाही. मी विचारतो, "अष्टमी. आठाची पाऊणपट किती?"

"सा," एक पंच म्हणतो.

"म्हणजे भरती सहाला. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. मग मध्यरात्री बाराला?"

उत्तर तिथल्या शेंबड्या पोरालाही येत होतं. बाराला पुरी ओहोटी. मी अष्टमीला भर दुपारी बाराला, म्हणजे त्याच ओहोटीला, दिंडीखाली बांबू घालून पाहिलेलं असतं: पाणी पोटरीइतकं, त्याखाली गाळ कमरेइतका. "माणसांनी भरलेला मचवा तिथं कोणता तांडेल नेईल? वाट दाखवली म्हणून दोष देता, आणि त्या घटकेला वाटच नव्हती."

तू म्हणतोस, "सांजच्या भरतीला येऊन तिवरांत लपलं असतील."

"श्रावणात सहाला लख्ख उजेड असतो. बुरुजावरून दिसले असते. आणि सहाला तिवरांच्या झाडीत शिरलेला मचवा बाराला चिखलात बसलेला असतो. त्याला वल्हं मारून काय उपयोग?"

तू विचारतोस, "उधान का भांग?"

"उधाण अवस-पुनवेला. अष्टमीला भांग. भरतीसुद्धा कमजोर."

तू माझ्याकडे बघतोस. त्या नजरेत मी तुझ्या बरोबरीचा होतो, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो. मग पंचांकडे वळून म्हणतोस, "जिकला. माजाच पोऱ्या हाय." आणि तिचा बाप, ज्याने जन्मभर तो ओटा धुतला होता, हळूच विचारतो, "मंग येवरी वर्सं?"

हा प्रश्न त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांत खरा होता. तू उत्तर दिलंस. "येवरी वर्सं राख फुकट भेटली. भेंडी बरी आली ना परसान?" सगळे हसले. तोही हसला. हसताना त्याने हातांची घडी घातली, थंडी वाजल्यासारखी.

लग्न तू जोरात केलंस. दोन गावच्या गाणाऱ्या बाया आणल्यास, स्वतः नाचलास. लोक म्हणाले, बाप असावा तर असा. मीही म्हणालो.

पुढची धुळवड आली. सकाळी मी खालच्या आळीत जाऊन उभा राहिलो, सासऱ्याच्या ओट्यावर आज काही पडणार नाही हे डोळ्यांनी बघायला. नाहीच पडलं. गाव तिकडे आलंच नाही. मग वरच्या आळीकडून तुझा आवाज आला आणि मी पळत घरी आलो. आपल्या दारात गाव जमलेलं. आपल्या ओट्यावर राख. आणि पुढे तू, स्वतःच्या घराकडे तोंड करून, तोंडावर हात मारत, तिच्या घराण्यातल्या त्या तांडेलाचं नाव घेत. मी टोपली हिसकावली. म्हणालो, "पंचांसमोर ठरलं होतं."

"ठरलं तं ठरलं. तुजा हिशोब खरा," तू म्हणालास. "पन राखंला तिथी कलत नाय. ती पोरीमागं आली."

"मग बंद कर."

"आन गावाने वर्सातून एक दिस बोंबलायचं कुनाच्या नावानं? तुज्या?"

परत हसू. ती आतून बाहेर आली. पाचवा महिना होता. हातात तांब्या. राखेतून चालत तुझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, घसा सुकला असंल." मला वाटलं, आता तू खाली बघशील. तू तांब्या घेतलास, घटाघट प्यायलास, रिकामा तांब्या तिच्या हातात दिलास, आणि आणखी मोठ्यांदा बोंब मारलीस. नंतर तिने ओटा धुतला. बापाच्या घरी शिकलेलं काम, तिला शिकवावं लागलं नाही.

असं तुझ्या शेवटच्या धुळवडीपर्यंत चाललं. दर वर्षी ती तांब्या आणायची, तू प्यायचास. घरात एरवी तू तिच्या हातचीच भाकर मागायचास, नातवाला खांद्यावर घेऊन बंदरावर न्यायचास. मी दर वर्षी वाद घालायचो. तू दर वर्षी म्हणायचास, जिकलास ना, मंग आजून काय पायजे? मी रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरला लागलो होतो, हाताखाली चार माणसं होती, साहेब मला विचारून सही करायचा. आणि धुळवडीच्या सकाळी मी दार उघडं ठेवायचो, कारण खाचांतली राख लवकर निघत नाही.

मग तुला कावीळ झाली. मचवा आधीच विकला होतास. पडवीत खाट टाकली होती, दुपार होती, ती तुला पेज भरवून आत गेली. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, तिच्याबद्दल काही बोलशील.

"तुज्या त्या हिशोबाला एक चीर हाय," तू म्हणालास. "अष्टमीच्या. त्या दिसीच दिसली व्हती मना."

"कुठं?"

"मचव्याची चीर कुनी सांगत नाय. पानी सांगतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तू लय खूश व्हतास." आणि भिंतीकडे वळलास. त्यानंतरही दोन दिवस तू बोलत होतास. निवट्यांचं कालवण मागितलंस, खाट उन्हातून हलवायला सांगितलीस. मी चार वेळा विचारलं, बाबा, चीर कुठं. चारही वेळा हसलास.

तू गेल्यावरच्या पहिल्या धुळवडीला गाव सवयीने दारात आलं. राख पडली. पण बोंब मारायला पुढे कोण होणार? पोरांनी आपसांत ढकलाढकली केली, एकाने तोंडावर हात मारला, आवाज फाटला, पोरं हसली आणि पांगली. पुढल्या वर्षी कोणी आलं नाही. दोनशे वर्षांचं ते माझ्या पुराव्याने थांबलं नाही, तुझा घसा गेला म्हणून थांबलं. आता तर जमिनी गेल्या, गावाला नव्या शहराने वेढलं, धुळवडीला स्पीकर लागतो. त्या तांडेलाचं नाव आमच्या मुलाला सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी त्याच्या लक्षात राहत नाही.

मी मात्र त्या चिरेपाशी बसून आहे. एकेक फळी ठोकून पाहिली. भांगाची ओहोटी पुरी आटत नाही, पाणी राहतं: राहतं, पण किती ते मी बांबूने मोजलंय. लोक मध्यरात्र म्हणाले आणि पहाट असेल: असेल, पण मग अष्टमीची सगळी गोष्टच पडते. टोपीकर चालत आले: कमरेइतक्या गाळातून, बंदुका घेऊन? खाडी तेव्हा खोल असेल, मागाहून गाळ भरला असेल: हे कोणालाच माहीत नाही. पण याला अज्ञान म्हणतात, चीर नाही, आणि तू शब्द नीट वापरणारा माणूस होतास. शिकलेल्यांनाही मी विचारलं, चिरेचं काही न सांगता, नुसता हिशोब मांडून. त्यांनी माना डोलावल्या. ते कधीच गाळात उतरलेले नव्हते, त्यांच्या मानेचं मला काय.

आता ती आत भाकऱ्या थापतेय. मघाशी विचारून गेली, "काय लिवताय?" मी म्हटलं, हिशोब. "किल्ल्याचा?" "हो." "तो तं कवाच झाला," म्हणाली आणि पीठ घेऊन गेली. तिला तुझं पडवीतलं बोलणं मी सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तिचा तो पूर्वज त्या दिवशी धक्क्यावर दोषातून सुटला. तिचा बाप तेवढं ऐकून मेला.

हा कागद कुठे टाकायचा नाही. मसणाची जागासुद्धा आता रस्त्याखाली गेलीय. शेवटी फक्त हिशोबापुरतं लिहितो, कारण अर्धा हिशोब मी ठेवत नाही. चीर असेल, तर तिच्या घरावर पडलेली राख खरी असू शकते. चीर नसेल, तर मरणाच्या दारात तू उरलेला श्वास खर्चून माझ्यासाठी एक खोटं बनवलंस, मी जन्मभर ते चाचपत बसावं म्हणून. दोन्हींतलं एक आहे, तिसरं नाही. आणि भाकऱ्यांचा आवाज ऐकत इथे बसून मी कबूल करतो, बाबा, की चीर असावी अशीच माझी इच्छा आहे.