दोन थापा

ताई, तुला वाकून नमस्कार, भावोजींनाही सांग.

आम्ही दोघं ठीक आहोत. घर विकून या गाडीत राहायला आलो त्याला आता तीन वर्षं होतील. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमची रीत तुला ठाऊक आहे. मी मागे भांडीकुंडी कपाटात बंद करते, पत्र्यावर दोन थापा मारते, मगच हे गाडी काढतात. परवा मी पेट्रोल पंपावर पाणी भरायला उतरले आणि हे थापांविना निघून गेले. तासाभराने परतले. मी मागे झोपलेय असं वाटलं म्हणे. मी हसण्यावारी नेलं.

काळजी करू नकोस. आता गाडी मीच चालवते. वळणावर अजून घाम फुटतो, एवढंच. थापा मारायचं काम यांच्याकडे दिलंय. आज सकाळी चावी धरून कितीतरी वेळ थांबले, थाप काही येईना. मागे जाऊन पाहिलं तर हे बूट घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. म्हणाले, "आलं का आपलं घर?"

मी म्हटलं, थोडंच राहिलंय.

तुझी मागची खोली अजून रिकामी आहे का गं? सहज विचारतेय.

तुझी,
धाकटी