अंगणातल्या सावलीचा निकाल

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने सुतार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. शरीर खिळखिळं झालं आहे, डोकं नाही. शंका असेल त्याने समोर बसून वाद घालून पाहावा.

१. राहतं घर, पुढचं अंगण आणि बँकेतली शिल्लक माझ्यामागे पत्नीच्या एकटीच्या मालकीची राहील. थोरल्याला अंगणात फरशी घालून गाडी उभी करायची आहे, हे मला ठाऊक आहे. आईला विचारल्याशिवाय त्याने तिथे वीटही ठेवू नये.

२. करवती, पटाशा आणि कामाचं टेबल मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. मोठा रंधा मात्र मेहुण्याला. त्याने तो उसना नेला, खिळ्यावरून चालवला, पात्याचा टवका उडवला आणि वर म्हणाला की आधीपासून तसंच होतं. आता त्यानेच तो जन्मभर वापरावा.

३. सावलीबाबत. लग्न झाल्यापासून अंगण उघडंबोडकं आहे, कारण आमचं एकमत झालं नाही. पत्नीला गुलमोहर हवा होता, भराभर वाढणारा. मी चिंचेवर अडून बसलो. गुलमोहराचं लाकूड माझ्या लेखी भुसाच. चिंच सावकाश वाढते, पण एकदा जून झाली की करवतीला घाम फोडते. ती म्हणायची, "अहो, मला झाडाखाली बसायचंय. तुम्ही मला झाडाच्या खुर्चीवर बसवताय." मग ती स्वयंपाकघरात, मी कामाच्या टेबलाशी, आणि अंगण तसंच.

डॉक्टरांनी माझं निदान सांगितल्यापासून ती नीट जेवत नाही, स्वतःची औषधं घेत नाही. भर उन्हात पायरीवर बसून राहते. आत ये म्हटलं तर म्हणते, तुमच्यामागे मी तरी अशी किती राहणार! हे ऐकलं की मला माझ्या दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटते. माझ्यामागे तिने जगावं, एवढंच मला हवं आहे. म्हणून हट्ट सोडतो. अंगणात गुलमोहरच लावावा, म्हणजे तिला लवकर सावलीत बसता येईल.

४. कलम तीनमधला गुलमोहर रद्द. साक्षीदारांना हे वाचून दाखवत होतो, तेव्हा ती दारात उभी राहून ऐकत होती.

"गुलमोहर नको," ती म्हणाली. "चिंच लावा."

मी म्हटलं, "अगं, तिची सावली तुला कधी मिळायची?"

"मिळेल तेव्हा मिळेल. मी आहे ना."

मला रडू आलं. साक्षीला बसलेल्या शेजारच्या शिंप्याला वाटलं, दुखतंय. तो बिचारा पाणी आणायला धावला. कधी नव्हे तो इतका आनंद झाला होता, हे त्याला सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो.

तरी चिंचेचं रोप उद्याच आणावं. जागा ती दाखवेल.

सही: (सुतार)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. कोपऱ्यावरचा दुकानदार
स्थळ: राहत्या घरी, अंगणाकडची खोली
दिनांक: सात, बुधवार