परतूरला घोडा उतरेल

मुंबई, श्रावण वद्य पंचमी

सौ. गोपिकाबाईस आबारावाचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खोकला थोडाच आहे, काळजी करू नकोस.

समुद्रावरची आमची खेळांची बाग परवा कायमची बंद झाली. लाकडी घोड्यांचं जे चक्र मी वीस वर्षं हातानं फिरवलं, ते मोडलं. मालक म्हणाले, "आबाराव, आठवण म्हणून काय देऊ?" मी तांबडा घोडा मागितला. दर खांदेमळणीला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी बैलासारखं त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळायचो. तिकीटवाला हसायचा, "आबा, शिंगं कुठं याची?" पण मला आष्टीचा आपला गोठा दिसायचा.

तुला तांब्याचा हंडा कबूल केला होता. रागावणार तर नाहीस? ढवळ्या अजून गाडी ओढतो का? खांदेमळणीच्या दिवशी परतूर ठेसनावर गाडी धाड. बराबर सकाळी धाड, विसरू नको.

सारखी धास्ती वाटते. निजामाच्या हद्दीत जकात घेणारे करोडगिरीवाले विचारतील, हा कसला माल? घोडा ठेवूनच घेतला तर?

मी सांगीन, माल न्हाई साहेब, घरचं जनावर हाय.

पोळ्याला एक पोळी जास्त कर.

घरीच येतो आहे, म्हणून पत्र इथंच थांबवतो.

आबाराव