मागचं कपाट

सोम. ३ नोव्हें.
काल तुळशीचं लग्न लागलं आणि आज सकाळी वधू-वर मंडळाचा फोन आलाच. मेळावा तोंडावर, आणि साइटवरचं शोधाचं पान मधेच बंद पडतंय. जाधवसरांनी काम माझ्या टेबलावर ढकललं. सावेडीच्या या दीड खोलीच्या ऑफिसात मालक, मॅनेजर, हिशेबनीस सगळं सरच. कोड लिहायला मी एकटी.

पान साधं आहे. वय, उंची, शिक्षण, तालुका, नोकरी, पूर्वविवाह. हवं ते भरा, नको ते रिकामं सोडा. नुसता तालुका भरला की पान मान टाकतं. वय भरलं की चालतं.
सर : "मग वय भरणं सक्तीचं करून टाक."
धन्य! डोकं दुखतंय तर टोपी घाला.

दुपारी आईचा फोन, राहात्याहून. ताईसाठी कोपरगावचं स्थळ परत आलंय. रविवारी येणार, हो की नाही ऐकायला. माणूस पन्नाशीपुढचा, मुलगे लग्नाला आलेले. मागच्या वेळी चार माणसांत म्हणाला, "घरात बाईमाणूस नाही, जेवायचे हाल होतात." मग डबा लाव ना बाबा!
आई म्हणे, "दोन वर्षं झाली तुझ्या त्या मंडळात नाव घालून. एक तरी फोन आला का तिला? आता कुठवर वाट बघायची?"
खरंच एकही आला नाही.

मंगळ. ४
कोड उघडला. आधीचा डेव्हलपर पुण्याला निघून गेला, जाताना हे मागे ठेवून. सगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तुकडे चिकटवून बांधलीय. अटींची सुरुवात करणारा 'व्हेअर' चिकटवलाय फक्त वयाच्या तुकड्याला, बाकी सगळे तुकडे 'अँड'ने सुरू. वय रिकामं सोडलं की व्हेअर गेला आणि अँड लोंबकळत राहिला. डेटाबेसने त्याचं काय करायचं? शिवाय माणूस जे टाइप करेल ते जसंच्या तसं क्वेरीत ओतलंय. कुणा खोडसाळाच्या हाती लागलं असतं तर सगळ्यांचे फोन नंबर, पत्ते चव्हाट्यावर.

नव्याने लिहितेय. एक रिकामी यादी. जो रकाना भरलाय त्याचीच अट यादीत. शेवटी सगळ्या अटी अँडने जोडायच्या. यादी रिकामी राहिली तर व्हेअर लावायचाच नाही. टाइप केलेलं वेगळं पाठवायचं, क्वेरीत मिसळायचं नाही. एवढं सोपं आहे हो!

बुध. ५
नीट लिहिते.

एकेक रकाना जुन्या कोडमधून नव्यात आणत होते. सगळ्यांचं एकच : भरला असेल तर अट लाव. शेवटचा रकाना 'पूर्वविवाह'. त्यालाही तेच. पण त्याच्याखाली अजून एक ओळ. भरला नसेल तर 'प्रथम विवाह' समज.

फक्त त्या एकाच रकान्याला!

म्हणजे एखाद्या मुलाच्या आईने तो रकाना रिकामा सोडला, मनात म्हणाली की आम्हाला काही अडचण नाही, तर साइट तिच्या वतीने म्हणणार, नको, आम्हाला कोरीच पाहिजे. तिला कळणारही नाही. आणि तो रकाना मुद्दाम उघडून 'घटस्फोटित' कोण निवडणार आहे?

ताईचं नाव उघडलं. नोंदणी नंबराने थेट उघडलं की दिसतं. फोटो, शिक्षण, झेडपीच्या शाळेतली नोकरी, घटस्फोट झालाय, मुलगी आहे तेही. खाली, फक्त आम्हाला ऑफिसात दिसेल असं, 'किती जणांनी पाहिलं' लिहिलेलं असतं. शून्य. बाकीच्या घटस्फोटित, विधवा, सगळ्या बघितल्या. शून्य, शून्य, शून्य.

घरी आम्ही समजत होतो की लोक बघतात आणि नको म्हणतात. अण्णांनी लेकींशी बोलणं कमी केलं ते त्यामुळेच. अरे पण विचारलं कुणी कुणाला? एकाही माणसाने नाही म्हटलेलं नाही. ती एक ओळ नाही म्हणत बसलीय. दोन वर्षं.

गुरु. ६
सरांना दाखवलं. चहा पीत म्हणाले, "ते मंडळाने सांगितलंय तसं आहे. क्लायंटचं दुकान, क्लायंटची मांडणी. आपण कशाला नाक खुपसायचं?"
मी : सर, रिकामं म्हणजे रिकामं. पानावर आपणच लिहिलंय, नको ते रिकामं सोडा.
सर : "तू हे तुझ्या बहिणीसाठी करतेस."
हो, करतेय! मग? बहीण नसती तर ही ओळ बरोबर ठरली असती का? तोंडावर एवढं बोलले नाही. आता वाईट वाटतंय की बोलायला हवं होतं. "मंडळाच्या शिंदेकाकूंना विचारल्याशिवाय बदल चढवणार नाही" एवढंच मी म्हणाले. उद्या मंडळात जाते.

शुक्र. ७
मंडळाचं ऑफिस शिंदेकाकू सांभाळतात, साइट नव्हती तेव्हापासून. भांडायचं ठरवून गेले होते. काकूंनी आधी चकली पुढे केली. चकली खात भांडता येत नाही.

त्या ओळीचं विचारलं तर उठल्या आणि भिंतीकडचं लोखंडी कपाट दाखवलं. "हे पुढचं. आणि ते आतल्या खोलीतलं मागचं. दुसरेपणाच्या सगळ्या फायली त्यात. कुणी मागितली तर काढून देते. एकदा एक बाई आली हुती, चुकून तसली फाईल दिली तर माझ्या अंगावर फेकली तिनं. माझ्या लेकाला बिजवर समजता का म्हणली. तवापासून मागं."

आणि साइट करायला आलेल्या त्या शहाण्याने कपाटं बघितली आणि तीच कोडमध्ये उतरवली. मागचं कपाट, कुलपासकट.

"काकू, मागतं का कुणी?"
"कशाला मागतील? त्यांना म्हाईतच न्हाई ते कपाट हाय ते."
चकलीचा डबा झाकत बसल्या उगाच.

मी म्हटलं, ज्याला नको त्याने 'फक्त प्रथम विवाह' यावर खूण करावी. तोंडाने नको म्हणू दे की! बाकीच्यांच्या वतीने आपण का म्हणायचं?
डबा फळीवर ठेवून काकू : "मेळाव्यापर्यंत करून बघ. पर एक जरी तक्रार आली ना बाई, तर पहिल्यासारखं करायचं. मला या वयात फायली अंगावर नको."
बाहेर येऊन सरांना फोन. "तुमचं तुम्ही बघा" म्हणाले. ती ओळ काढली, संध्याकाळी बदल चढवला. तालुका 'राहाता' टाकला, बाकी सगळं रिकामं. ताई दिसली. तिसऱ्या नंबरवर, निळ्या साडीत. ऑफिसात रडले, लाज वाटली नाही.

शनि. ८
एसटीने राहात्याला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिची लेक जुई शेजारी अभ्यास करत होती. सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.
"म्हणजे बघून नको म्हणाले नाहीत?"
"कुणी बघितलंच नाही ताई."
मला वाटलं हिला बरं वाटेल. असली चिडली! हातातला फ्रॉक भिरकावला. "दोन वर्षं मी फोटो बदलत बसले. स्टुडिओत जाऊन हसून आले. आईने सोमवार धरायला लावले. काळी दिसते, जाड दिसते, पोरगी आहे म्हणून असेल, काय काय समजले मी स्वतःला! आणि एक ओळ?"
माझ्यावरच ओरडली असं वाटलं, आणि ओरडू दे असंही वाटलं.
अण्णा दारातून ऐकत होते. "मंग उद्याच्या पाव्हण्यांला काय सांगायचं? शब्द दिलाय आमी, रविवारी सांगतो म्हनून."
ताई फ्रॉक उचलून आत गेली. जेवलीही नाही.

रवि. ९
पाहुणे आलेत. पोहे झाले. तो माणूस घर बघितल्यासारखा ताईकडे बघत होता. सरांचा मेसेज : एक तक्रार आली, काकूंचा फोन होता, उद्या ती ओळ परत टाक. एक! बाकी ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना कोण मोजणार? उत्तर दिलेलं नाही. टाकणार नाही ती ओळ. नोकरी गेली तर गेली.

"मग, काय ठरलं म्हणायचं?" पाहुण्याने विचारलं. अण्णांनी ताईकडे पाहिलं. तेवढ्यात फडताळावरचा फोन वाजला. ताईचाच, फक्त नोंदणीसाठी घेतलेला. नंबर अनोळखी.
अण्णा : "बंद कर गं ते."
ताई : "वाजू द्या अण्णा. दोन वर्षांत पहिल्यांदा वाजतोय."
पाहुणे फोनकडे बघत राहिले, आई माझ्याकडे. ताईने चार-पाच वेळा वाजू दिला. मग पदराला हात पुसून उठली, फोन घेतला आणि अंगणात गेली.

मी आत येऊन हे लिहितेय. कुणाचा फोन आहे माहीत नाही. कर्ज हवंय का विचारणारी बाईसुद्धा असेल. खिडकीतून पाठ दिसतेय तिची फक्त. पाहुण्यांच्या चहावर साय धरलीय. ती अजून बोलतेच आहे.