सव्विसाव्या भागातली हाक

३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आज दुपारी जपानहून, आपण मराठीत आणतो आहोत त्या कार्टून मालिकेचा सव्विसावा, म्हणजे शेवटचा भाग आला. आपलं भाषांतर तपासणाऱ्या तिथल्या बाईंनीच तसं कळवलं. तो बघून मी डोक्याला हात लावून बसले आहे. तू जिला आवाज देतेस ती नावाडीण त्या अनाथ मुलाची सख्खी आजी निघाली!

यात रडण्यासारखं काय, असं म्हणशील. मूळ जपानीत पंचवीस भाग ती त्याला कुठल्याच नात्याने हाक मारत नाही. शेवटी तो नावेतून उतरून निघून जातो, तेव्हा पहिल्यांदा मारते. तो थबकतो आणि वळतो. सगळी मालिका त्या एका वळण्यासाठी! शेवट फुटू नये म्हणून त्यांनी आपल्याला एकेकच भाग पाठवला, आणि म्हातारी बाई लहान मुलाशी इतकं कोरडं कसं बोलेल म्हणून मी पहिल्या भागापासून 'बाळा' घातलं. मी दहा ठिकाणी घातलं, तू आणखी तीस ठिकाणी म्हणालीस. नाकबूल करू नकोस, रेकॉर्डिंग आहे. ते सगळं लोकांनी पाहूनही झालं. आता पुन्हा 'बाळा' म्हटलं तर पोराला वाटेल, वल्हं धरायला बोलावते आहे.

हा प्रसंग जमला तरच पुढच्या पर्वाचं भाषांतर माझ्याकडे, असं बाईंनी स्पष्ट लिहिलं आहे. काहीतरी सुचव. शब्द छोटा हवा, पडद्यावर तोंड दोनदाच उघडतं.

लोभ असू दे, रागाला सुट्टी दे.
तुझी, चिंगी

७ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तीसचा आकडा तुझ्या मनचा. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मोजता मला येतं. पंचवीसच्या वर नसतील.

मला भाषांतरातलं कळत नाही, पण हरवलेल्या पोरांचं कळतं. सहा वर्षांची असताना तू बसस्थानकावर हरवली होतीस. दोन तास मी दिसेल त्या मुलीला 'बाळा, बाजूला हो' म्हणत धावत होते. शेवटी चौकशीच्या खिडकीमागे, साहेबांच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेली तू दिसलीस. तेव्हा माझ्या तोंडून बाळाबिळा काही निघालं नाही. 'कार्टे!' निघालं, आणि मग मी तिथेच फरशीवर बसून रडले.

लोकांच्या पोराला बाळा म्हणावं लागतं. आपल्या पोराला काय वाट्टेल ते म्हणता येतं. आता बघ तुझ्या पडद्यावरच्या तोंडात 'कार्ट्या' बसतं का. बसत नसेल तर तोंड मोठं काढायला सांग.

जेवणाच्या वेळा पाळ. तुझी आई म्हणाली, वाळली आहेस. मला काही दिसलं नाही.
प्रेम आहेच, ते पत्रात मावेल तेवढं.
मावशी

१२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बसतं! तोंडाची उघडझाप अगदी तंतोतंत जुळली. रेकॉर्डिस्टने तीनदा ताडून पाहिलं आणि मग उगाच चष्मा पुसत बसला.

जपानच्या बाईंना बसस्थानकासकट सगळं लिहून पाठवलं. त्यांनी विचारलं, ही शिवी आहे का? मी लिहिलं, आहे. दोन दिवस उत्तर नाही. मी नखं खाल्ली, जेवणाच्या वेळा आपोआप पाळल्या गेल्या. आज उत्तर आलं. त्यांना अर्थ पटला आहे, पण होकार आवाज ऐकूनच देतील.

तेव्हा शनिवारी सकाळी अकराला स्टुडिओत ये. बाई तिकडून ऐकत असतील. नेहमी तुम्ही वेगवेगळ्या येता, पण या वेळी त्या मुलाला आवाज देणाऱ्या ताईंनाही तुझ्यासोबतच उभं करणार आहे. त्यांच्या कागदावर हाकेची जागा मी कोरी ठेवली आहे. त्या तुझ्याकडे पाठ करून उभ्या राहतील, आणि तुझी हाक ऐकून वळल्या, तर पुढचं पर्व आपलं.

आशीर्वाद आधी पाठव, ओरडायला मग ये.
तुझी, चिंगी