ताईचे चौदा लाख

५ जानेवारी, अकोला

ताई अमरावतीहून आली ती भांडतच. "सहा लाखात काय होते वं? कॉफी शॉप टाकायचं आहे का टपरी?" मी म्हटलं, जठारपेठेतला गाळा लहान आहे, चार टेबलं बसतात, मशीन सेकंडहँड मिळून राहिली. सहा पुरतात.

बँकेत साहेबासमोर सरळ म्हणाली, चौदा. मी बाजूले बसून. पेन्शन तिची, म्हणून साहेबाले तीच दिसे. पण कर्ज दोघींच्या नावावर. जन्मभर शाळेत पोरं हाकलली, आता मले हाकलते. वकिलाच्या ऑफिसातलं टायपिंग सोडलं ते हिची नोकरी करायले नाही.

७ जाने.

ताईचा फोन. "तू लहानपणापासून भित्री."

"अन् तू लहानपणापासून दादागिरी करते."

मीच कापला. सहाच्या वर एक रुपया नाही.

११ जाने.

मिस्त्रीले गाळा दाखवायले गेली. तो म्हणे, मोठ्या बाईंचा फोन आला होता. गाळ्याच्या वरची खोली पण धरायची आहे. बाथरूम, गीझर, खिडकीले जाळी. मले न विचारता, परस्पर!

लगेच फोन लावला. "लोकं काय कॉफी पिऊन आंघोळ करतीन का?"

"स्टोअर लागते."

"स्टोअरले गीझर?"

यावेळी तिनं कापला.

१४ जाने. संक्रांत

तिळगुळाचा डबा घेऊन अमरावतीले गेली. भांडायलेच गेली, खोटं काहून लिहू.

ताईच्या पोराचा, रोहितचा फ्लॅट. घेतला ताईच्या फंडातून. ताईची कॉट आता बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या तारेखाली. काचा लावल्या आहेत, पण थंडी शिरतेच. औषधांच्या पिशव्या गादीवर. अलमारी कुठी गेली विचारलं, तर सून म्हणे, "आतमध्ये जागा नव्हती मावशी." रोहित ताईले म्हणे, "आई, चारले लोकं येतीन, हॉलमध्ये बसू नको." माझ्यासमोर. अन् ही, अख्ख्या शाळेले धाकात ठेवणारी, "बरं" म्हणाली.

तिळगूळ दिला. गोड बोला म्हणायची हिंमत झाली नाही.

ताई स्टँडवर सोडायले आली. मी म्हटलं, "मले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? पोरानं बाल्कनीत टाकली म्हणून? तू हसली असती."

"हो, हसली असती."

हे मी खरंच म्हटलं. बस लागली होती, चढली. मागं वळून पाहिलं नाही.

१५ जाने.

रोहितचा राग येते. पण ताईचा त्याहून जास्त. म्हणजे माझं दुकान हे हिच्या खोलीचं निमित्त! चौदा लाखाचा हप्ता कॉफी विकून मी भरायचा. सरळ मागितलं असतं तर? तर मी दिलं असतं का? माहीत नाही. म्हणूनच जास्त चीड येते.

१७ जाने.

फोन करून म्हटलं, माझ्या मागच्या खोलीत राहाय. कर्ज आठ घेऊ, वरची खोली सोड.

"पोराच्या घरून उठून बहिणीच्या घरी? मले आता कोणाच्याच घरात राहायचं नाही."

"मग माझ्या दुकानाच्या डोक्यावर काहून बसते?"

"दुकान तुझं एकटीचं कधी झालं?"

दोघीही ओरडून राहिलो होतो. शेजारीण गॅलरीत आली.

२० जाने.

बँकेच्या कामासाठी ताई कालपासून इथं. बोलणं कामापुरतं. सकाळी तिनं कॉफी केली. पाणचट. तोंडावर सांगितलं. म्हणे, "मग तू कर." केली. एका दमात प्याली, बरी झाली म्हणाली नाही.

कप विसळता विसळता, पाठमोरीच, "नऊ?"

"साडेआठ."

कप पालथा घातला. मग म्हणे, "वरच्या खोलीचं भाडं अन् गीझर माझ्या पेन्शनीतून. कर्जात नको धरू." मी काही बोलणार, तेवढ्यात पुढं, "पण दुकानाची किल्ली माझ्याजवळ राहीन. सकाळी मीच उघडीन."

किल्ली! खोली घे, भाडं भर, पण सकाळी सकाळी माझ्याच दुकानाच्या दारात मी हिच्या परवानगीनं उभी राहू?

बँकेच्या साहेबानं आज कर्जाचा आकडा मागितला आहे. ऑटो आला. मी अजून हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. आतमध्ये बसून हे लिहून राहिली. ती खालून हाका मारते, शाळेतल्या पोराले मारावी तशी.

मारू दे.